गाळलेल्या जागा

वयात येणाऱ्या मुलामुलींशी बोलायला मी शाळांमध्ये जाते, तेव्हा एक जुनी युक्ती सोबत असते. प्रश्नपेटी. पुठ्ठ्याचा खोका, वरच्या बाजूला चीर. नाव लिहायचं नाही, अक्षर बदललं तरी चालेल. चिठ्ठ्या इतक्या घड्या घालून येतात की उलगडताना फाटतात. काही डाव्या हातानं लिहिलेल्या असतात, काही छापील वाटावीत अशा सुट्या अक्षरांत. प्रश्न बहुतेक ओळखीचे. पाळीचे, मुरुमांचे, 'एकदाच झालं तर दिवस जातात का', 'एका मित्राला त्रास होतोय म्हणून विचारतोय'. या मित्राला जगातले सगळे आजार झालेले असतात.

एकदा त्यातून वेगळीच चिठ्ठी निघाली. 'पिक्चरमध्ये हिरोला कसं कळतं, की तिला चालणार आहे? ती तर काही बोलतच नाही.'

मी ती मोठ्यानं वाचली. एरवी अशा वेळी वर्गात खसखस पिकते. त्या दिवशी पिकली नाही. चाळीस जण उत्तराची वाट बघत होते.

चिठ्ठी लिहिणाऱ्यानं अगदी नेमकं बोट ठेवलं होतं. पडद्यावर दोघं जवळ येतात, संगीत चढतं, दिवा मालवतो आणि पुढच्या दृश्यात खिडकीतून ऊन आलेलं असतं. या दोन दृश्यांच्या मधे जे मिनिट कापलेलं असतं, लैंगिक आरोग्य नावाची गोष्ट जवळपास सगळी त्याच मिनिटात राहते. विचारणं, 'नको' म्हणणं, 'आत्ता नको' म्हणणं, कंडोम आहे का ते बघणं, तो नीट वापरता न येणं, ओशाळणं, हसू येणं, थांबणं. परीक्षेत गाळलेल्या जागा भरायला देतात तशीच ही जागा. फक्त इथे कंसात पर्याय दिलेले नसतात.

माध्यमं काय दाखवतात यावर आपण तावातावानं भांडतो. मला वाटतं, ती काय गाळतात याचा परिणाम जास्त खोल आहे. आणि त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे घर आणि शाळाही नेमकं तेच मिनिट गाळतात.

आपलं नेहमीचं भांडण आधी उरकून घेऊ. 'हे असलं बघून मुलं बिघडतात' असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, 'आम्ही नाही का बघितलं? आम्ही कुठे बिघडलो?' दोघांच्याही डोक्यात प्रश्न एकच असतो: बघितल्यामुळे मुलं लवकर सुरुवात करतात का? यावर संशोधन भरपूर झालंय. अमेरिकेतल्या रँड या संस्थेच्या रिबेका कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली १२ ते १७ वयाच्या १,७९२ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीव्हीवर लैंगिक आशय सर्वांत जास्त बघणाऱ्यांमध्ये पुढच्या वर्षभरात पहिला संबंध येण्याची शक्यता सर्वांत कमी बघणाऱ्यांच्या दुप्पट निघाली. २००६ मध्ये जेन ब्राऊन यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या १,०१७ मुलांचा टीव्ही, सिनेमा, गाणी, मासिकं असा सगळा 'माध्यमांचा आहार' मोजला. तिथे गोऱ्या मुलांमध्ये हा आकडा २.२ पट आला. कृष्णवर्णीय मुलांमध्ये मात्र आईवडिलांना काय वाटतं आणि मित्र कसे वागतात हे हिशेबात धरल्यावर माध्यमांचा असा ठळक परिणाम उरलाच नाही. बातमी पुढे गेली ती पहिल्या वाक्याची. दुसरं वाक्य मागेच राहिलं.

२०११ मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरीन मोनाहन यांनी ब्राऊन यांचीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीनं पुन्हा तपासली. आधीपासून सारख्या असलेल्या मुलांची एकमेकांशी तुलना केली, तर परिणाम दिसेनासा झाला. वेळापत्रक बघितलं म्हणून कोणी प्रवासाला निघत नाही. निघायचं असतं म्हणून वेळापत्रक बघतो. मुलांचंही तसंच असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर प्रत्युत्तरं आली आणि वाद तिथेच मिटला असंही नाही. पण एक मोठं चित्र या वादाच्या बाहेर उभं आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये हायस्कूलमधल्या सुमारे ५४ टक्के मुलामुलींनी कधी ना कधी संबंध आल्याचं सांगितलं होतं. २०२१ मध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे होणारे जन्म १९९१ मधल्या ६१.८ वरून २०२३ पर्यंत १४ च्या खाली आले. ही तीसेक वर्षं म्हणजे केबल, इंटरनेट, स्मार्टफोन आणि फुकटच्या पॉर्नची वर्षं. 'बघितलं की केलं' इतकं सरळ गणित असतं, तर हे आकडे उलटे वाढायला हवे होते.

म्हणून माध्यमांना निर्दोष सोडायचं का? थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा २०२४ चा अहवाल बघा. ४२ देश आणि प्रदेशांमधल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींची ही पाहणी. ज्यांचे संबंध आलेले आहेत, त्यांतल्या मुलांपैकी २०१४ मध्ये ७० टक्क्यांनी शेवटच्या वेळी कंडोम वापरला होता. २०२२ मध्ये ६१ टक्क्यांनी. मुलींमध्ये ६३ वरून ५७. जवळजवळ तिघांतल्या एकानं ना कंडोम, ना गोळी, असं काहीच वापरलेलं नव्हतं. अमेरिकेतही २०११ ते २०२१ मध्ये हेच झालं. संबंध येणाऱ्यांचं प्रमाण घटलं, आणि जे उरले त्यांच्यात कंडोमचा वापर ६० वरून ५२ टक्क्यांवर आला.

म्हणजे 'कधी' या प्रश्नाची उगाच काळजी करत आपण बसलो आणि 'कसं' हा प्रश्न हातातून निसटला.

याची कारणं अनेक असणार. त्यांतलं एक कारण माध्यमांच्या इतिहासात आहे असा माझा कयास आहे. १९८७ मध्ये ब्रिटन सरकारनं एड्सची माहिती देणारं पत्रक घरोघरी टाकलं होतं, 'अज्ञानापायी मरू नका' असं बजावणारं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात टीव्हीवर एक जाहिरात लागायची: बोलिंगच्या खेळात पिना असतात तिथे माणसं उभी आहेत, बाया, मुलं, तान्ही बाळं, आणि काळा झगा घातलेला मृत्यू चेंडू सोडून त्यांना आडवं करतोय. भयानक जाहिरात. तिनं रुग्णांबद्दल किळस पसरवली अशी टीका झाली आणि ती रास्तच होती. पण विषय पडद्यावर होता. १९९६ पासून एकत्रित औषधोपचार आले, एचआयव्ही आटोक्यात ठेवता येणारा आजार झाला, ही माणसाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट झाली. मात्र त्याबरोबर बातमीही गेली. भीतीच्या जागी माहिती यायला हवी होती, ती आलीच नाही. आज पंधरा वर्षांचं असलेलं मूल ती जाहिरात संपल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळानं जन्मलंय. त्याच्या पडद्यावर कंडोम जवळपास नाहीच. असला तर विनोदात असतो.

जेन ब्राऊन यांनी माध्यमांना 'सुपर पीअर' म्हटलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर वरच्या वर्गातला मुरलेला मित्र. हा मित्र सगळं कळल्यासारखं बोलतो, कधी रागावत नाही, रात्री दोन वाजताही हजर असतो. 'सगळे करतात' हे त्याचं आवडतं वाक्य. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून बाकीच्यांचं सगळं सुरळीत चाललंय. प्रश्नपेटीतून हे सारखं दिसतं. 'मी अजून काहीच केलेलं नाही, माझ्यात काही कमी आहे का' ही चिठ्ठी एकाच वर्गात पाच-सहा वेळा निघते, वेगवेगळ्या अक्षरांत. एकमेकांच्या शेजारी बसलेल्या या मुलांना एकमेकांची खबर नसते. हा मित्र कधीच 'मी घाबरलो होतो' असं म्हणत नाही. तेवढं एक वाक्य तो बोलला असता तर त्या पाच-सहा चिठ्ठ्या पेटीत पडल्या नसत्या.

आता पॉर्नबद्दल. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या २०२३ च्या अहवालात पॉर्न पहिल्यांदा दिसण्याचं सरासरी वय १३ निघालं. त्याच वर्षी अमेरिकेत कॉमन सेन्स मीडियाच्या पाहणीत १२. बऱ्याच जणांनी ते शोधलेलं नसतं, समोर येतं. योखेन पीटर आणि पॅटी वाल्केनबर्ग यांनी १९९५ ते २०१५ या वीस वर्षांतल्या संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये घेतला. पॉर्न बघणं आणि बाई-पुरुषांबद्दलच्या साचेबंद कल्पना यांचा संबंध दिसतो, पण कशामुळे काय होतं हे ठामपणे सांगता येत नाही, असा त्याचा सावध निष्कर्ष. मला हा सावधपणा आवडतो. पण एक गोष्ट सांगायला संशोधनाची गरज नाही. सिनेमा दिवा मालवतो तिथे पॉर्न दिवा लावतं, आणि तरी विचारत मात्र कोणीच नाही. गंमत म्हणजे कॅमेऱ्यामागे विचारलेलं असतं. रीतसर चालणाऱ्या कंपन्यांमध्ये कलाकारांच्या लैंगिक संसर्गाच्या तपासण्या होतात, काय चालेल आणि काय चालणार नाही यावर सह्या होतात, मधे मधे थांबतात. हे सगळं संकलनात कापलं जातं. मुलापर्यंत पोचतं ते न विचारता, न थांबता, न बोलता चाललेलं काहीतरी. आणि त्याला वाटतं की हाच धडा आहे.

सिनेमा-मालिकांचंही आता तेच आहे. २०१८ मध्ये एचबीओनं आपल्या मालिकांमधल्या जवळिकीच्या दृश्यांसाठी 'इंटिमसी कोऑर्डिनेटर' नेमायचं ठरवलं आणि मग ती पद्धत इतरत्र पसरली. हात कुठे ठेवायचा, कुठे नाही, किती वेळ, हे सगळं आधी बोलून ठरतं आणि नट-नटींना कधीही 'थांबा' म्हणता येतं. त्या चिठ्ठीला मी हेच उत्तर दिलं. हिरोला कळत नाही, त्याला सांगितलेलं असतं. तिला दहा वेळा विचारलेलं असतं. ते विचारणं तुम्हाला दाखवत नाहीत, बस.

गाळलेल्या गोष्टींत साधं शरीरही येतं. फिजीमध्ये नद्रोगा या भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आल्या आल्या एकदा आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलट्या काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, तीन वर्षांनी अकरा टक्के मुली तसं करत होत्या. तेव्हा एकच वाहिनी होती. आता प्रत्येकीच्या हातात स्वतःचाच चेहरा गुळगुळीत करून दाखवणारा फोन आहे. स्वतःच्या शरीराची लाज वाटणारी मुलगी डॉक्टरकडे उशिरा जाते आणि 'नको' म्हणायलाही कचरते. मुलांच्या चिठ्ठ्यांमध्येही ही लाज असते. ती आकार आणि मापांच्या भाषेत येते, एवढाच फरक.

गाळलेली जागा भरली तर काय होतं, याचेही पुरावे आहेत आणि मला ते पहिल्या भांडणापेक्षा जास्त मोलाचे वाटतात. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये 'फ्रेंड्स' या अमेरिकी विनोदी मालिकेच्या एका भागात रेचल सांगते की कंडोम वापरूनही तिला दिवस गेले. कंडोम सुमारे ९७ टक्के वेळाच काम करतो हे ऐकून बाळाचा बाप रॉस चक्रावतो. विनोदी प्रसंग, काही सेकंदांचा. कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी हा भाग बघितलेल्या मुलांना नंतर गाठलं. ज्यांनी तो मोठ्या माणसाबरोबर बघितला किंवा जे त्यावर मोठ्या माणसाशी बोलले, त्यांना कंडोमबद्दलची माहिती लक्षात राहण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. पडदा तोच, संवाद तोच. फरक सोफ्यावर शेजारी कोण होतं याचा.

त्या ९७ टक्क्यांपाशी जरा थांबते, कारण सगळा लेख त्यात आहे. कंडोम दर वेळी आणि बरोबर वापरला तर वर्षभरात शंभर जोडप्यांमागे सुमारे दोघांना गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात, तसा वापरला तर सुमारे तेरा. रबर तेच, कारखाना तोच. दोन आणि तेरा यांच्यामधलं अंतर म्हणजे ते कापलेलं मिनिट: उशिरा घालणं, आधी काढणं, तारीख न बघणं, पाकीट दातानं फाडणं, 'आज राहू दे' म्हटल्यावर मान डोलावणं. कुठल्याही सिनेमानं हे कधी दाखवलंय? आणि कुठल्या आईनं, कुठल्या बापानं?

नायजेरियातला प्रयोग याहून मोठा आहे. अभिजित बॅनर्जी (हो, नोबेलवाले), एलियाना ला फेरारा आणि व्हिक्टर ओरोस्को यांनी तिथे ८० ठिकाणी १८ ते २५ वयाच्या सुमारे पाच हजार तरुणांना सिनेमाला बोलावलं. काहींना एचआयव्हीभोवती फिरणारी 'एमटीव्ही शुगा' ही मालिका दाखवली, काहींना दुसरीच, शिकवणूक नसलेली मालिका. सहा ते नऊ महिन्यांनी शुगा बघितलेल्यांमध्ये एचआयव्हीची तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट होतं आणि मुलींमध्ये क्लॅमिडिया या संसर्गाचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं होतं. जे गोष्टीत जास्त रंगले, त्यांच्यावर परिणाम जास्त. म्हणजे ज्या ताकदीला आपण घाबरतो, तीच ताकद इथे कामाला आली. मालिका कंटाळवाणी असती तर काही घडलं नसतं. अर्थात अशा प्रत्येक दाव्यावर उड्या मारू नयेत. एमटीव्हीच्याच '१६ अँड प्रेग्नंट' या कार्यक्रमामुळे अमेरिकेत किशोरवयीन मुलींची बाळंतपणं ४.३ टक्क्यांनी घटली, असं २०१५ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी दाखवलं आणि नंतर दुसऱ्या तिघांनी ते गणितच कसं डळमळीत आहे हे दाखवलं.

माझा एक मित्र पटकथा लिहितो. त्याला हे सगळं सांगितलं की तो वैतागतो. 'प्रेमप्रसंगात कंडोम आणला की प्रसंग मेला,' त्याचं ठरलेलं वाक्य. 'मी गोष्ट लिहितो, आरोग्य खात्याची पत्रकं नाही.' त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. उपदेश करणारा हिरो मुलांना पाच सेकंदांत ओळखू येतो आणि ते चॅनल बदलतात. पण १९८८ मध्ये हार्वर्डच्या जे विन्स्टन यांनी हॉलिवूडच्या लेखकांकडे एक माफक मागणी केली होती. पार्टीला जाताना 'आज न पिता गाडी कोण चालवणार?' हे ठरवणारा एखादा संवाद मालिकेत येऊ द्या. पूर्ण भाग नको, भाषण नको. चार हंगामांत १६० कार्यक्रमांत तो संवाद आला. न पिणाऱ्या त्या गाडीवाल्यासाठीचा शब्द १९९१ मध्ये शब्दकोशात गेला. कुठलीही मालिका त्यानं मेली नाही. 'आहे ना तुझ्याकडे?' या तीन शब्दांनीही कुठला प्रेमप्रसंग मरणार नाही. मित्राला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, 'लिहीन, निर्माता ठेवणार नाही.' तेही खरं असेल.

आता एक गोष्ट, जी या चर्चेत कोणाच्या ध्यानातच येत नाही. माध्यमं म्हटलं की आपल्याला गाणी, सिनेमे, रील आठवतात. पण किशोरवयीन मुलींच्या लैंगिक आरोग्याचं अलीकडच्या काळातलं सर्वांत मोठं नुकसान एका वेगळ्याच प्रकारच्या कार्यक्रमांनी केलं: बातम्यांनी. एचपीव्ही हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं जवळपास एकमेव कारण. त्याची लस संबंध येण्याआधी, ९ ते १४ या वयात द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जपानमध्ये ही लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं. २०१३ मध्ये लस घेतलेल्या काही मुलींच्या झटक्यांची आणि वेदनांची दृश्यं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. जूनमध्ये सरकारनं लसीची शिफारस थांबवली. लसीमुळे हे झालं असं पुढे सिद्ध झालं नाही, पण प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेलं आणि शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा एप्रिल उजाडला. २०२० मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या एका अभ्यासानं या खंडाची किंमत मांडली: २०१३ ते २०१९ या काळात लस हुकलेल्या पिढीत पाच हजार ते पाच हजार सातशे जादा मृत्यू. डेन्मार्कमध्ये २०१५ च्या एका टीव्ही माहितीपटानंतर असंच झालं, ९० टक्क्यांवरचं प्रमाण ४० च्या खाली घसरलं.

आयर्लंडमध्येही ८७ टक्क्यांवरून ५१ पर्यंत उतार लागला होता. तिथे लॉरा ब्रेनन नावाची तरुणी पुढे आली. तिला चोविसाव्या वर्षी हा कर्करोग झाला, आणि तो बरा होणार नाही हे कळल्यावर तिनं स्वतःहून आरोग्य सेवेला कळवलं की मला लसीबद्दल बोलायचंय. ती टीव्हीवर आली, चित्रफितींमध्ये आली, गर्भाशयमुख हा शब्द न अडखळता उच्चारत आली. २०१९ मध्ये सव्विसाव्या वर्षी ती गेली, तोवर लसीकरण पुन्हा ७० टक्क्यांच्या घरात आलं होतं.

तिन्ही ठिकाणी पडदा बघून निर्णय घेतला तो आईवडिलांनी. त्या मुलींना कोणी विचारलंही नव्हतं. 'मुलांवर माध्यमांचा वाईट परिणाम होतो' असं म्हणताना आपण स्वतःला त्या वाक्यातून किती सफाईनं वगळतो! फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञानं १९८३ मध्येच या खोडीला नाव दिलं होतं: तिसऱ्या माणसाचा परिणाम. माध्यमांना बळी पडतो तो नेहमी तिसराच कोणी; मी नाही, तुम्ही नाही.

मग येतात बंदीवाले. १९९६ मध्ये अमेरिकेनं कायदा करून नव्या टीव्हींमध्ये मुलांना नको ते रोखणारी चिप बसवायला लावली. ती वापरणारे पालक शोधावे लागले. आता ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाचं खातं बंद केलंय. ब्रिटननं जुलै २०२५ पासून पॉर्न साइटना वय तपासणं सक्तीचं केलंय. नऊ वर्षांच्या मुलासमोर अचानक पॉर्न येऊ नये, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दारात कडी हवीच. पण कडी लावली की घरात शिकवण झाली, असं समजणाऱ्यांची मला धास्ती वाटते. बंदीनं एक वाईट शिक्षक वर्गाबाहेर जाईल. वर्गात मग कोण उरतं?

शाळेत कोण उरतं ते मी बघितलंय. एका शाळेत कार्यक्रमाआधी तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. चांगल्या बाई, मुलांवर जीव असलेल्या. म्हणाल्या, 'मॅडम, तेवढं सोडून बाकी सगळं बोला हं.' 'तेवढं' म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्हा दोघींनाही कळलं होतं. पुस्तकातला तो धडा त्या 'घरी वाचा' म्हणतात. घरी टीव्हीवर चुंबन सुरू झालं की कोणाला तरी पाणी प्यायचं असतं, कोणाचा रिमोट सापडत नाही, कोणी उगाच मोठ्यानं उद्याच्या कामाबद्दल बोलायला लागतो. दिग्दर्शक कापतो तिथेच आपणही कापतो. युनेस्कोनं २०१८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत जगभरचे पुरावे मांडून सांगितलंय की नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणानं मुलं लवकर सुरुवात करत नाहीत. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, शाळेत पॉर्नबद्दल उघड बोलणं झालेल्या मुलांमध्ये पॉर्न बघणं आणि बाईला वस्तू समजणं यांच्यातला दुवा सैल झालेला दिसला. बोलल्यानं बिघडतं ही आपली समजूत, पुरावा नाही. खरी अडचण म्हणजे आपल्याला बोलता येत नाही. आपल्याही वेळी ते मिनिट कोणी भरून दिलेलं नव्हतं.

त्या 'तेवढं सोडून'वाल्या शाळेत मी बाईंचं ऐकलं. पण जाता जाता मुलांना एक काम दिलं. दोघं जवळ बसलेत आणि दिवा मालवायच्या आधीचं एक मिनिट, त्यात ते काय बोलतील तेवढं लिहा. नाव नको. पेटी फिरवली. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. काहींनी गाण्याच्या ओळी लिहिल्या, एकानं फक्त 'आय लव्ह यू' सात वेळा. एका चिठ्ठीत मात्र चार ओळी होत्या.

'तो: तुला चालेल का?
ती: माहीत नाही.
तो: मग नुसतं बसू.
ती: बसू.'

खाली बारीक अक्षरात, खोडून पुन्हा लिहिलेलं: 'मॅडम, मग पिक्चर पुढे जातो का?'